हिवाळ्याची बेगमी

'बेगमी' हा शब्द तुम्ही कधी ऐकला आहे का? मे महिना संपत आला की कोकणात तो घरोघरी ऐकू येतो. "पावसाळ्याची बेगमी झाली का?" असे शेजारणी एकमेकींना विचारतात. तांदूळ, डाळी, मीठ, मसाला, सुके बोंबील, सुकट, पापड, चुलीसाठी कोरडी लाकडे असे सारे सामान पहिला पाऊस पडण्याआधी घरात येऊन पडते. नदीनाल्यांना पूर आला, होड्या बंद झाल्या, बाजाराची वाट अडली, तरी घरातली चूल पेटत राहावी यासाठी ही धडपड असते. काही लोक तिला 'आगोट' असेही म्हणतात.

बेगमी हा शब्द मराठीत चांगला रुळला असला तरी तुम्हांला तो परका वाटणार नाही, कारण तो फारसीतून आला आहे. 'बे' म्हणजे शिवाय आणि 'गम' म्हणजे दुःख, चिंता. जिच्यामुळे पुढच्या दिवसांची चिंता उरत नाही, ती बेगमी.

कोकणातली बेगमी पावसासाठी असते. काश्मीरच्या खोऱ्यात ती बर्फासाठी करावी लागते. हिमवादळ आले, रस्ते बंद झाले, वीज गेली, नळ गोठले, तर तिथले घर कसे तग धरते? त्यासाठी आधी काय काय करावे लागते? याची माहिती आज आपण करून घेऊ.

आपल्याकडेही हिवाळा असतोच. मालेगावला किंवा नाशिकला डिसेंबर-जानेवारीत चांगली थंडी पडते. नाशिक जिल्ह्यातील निफाडला तर पारा कधीकधी दोन-तीन अंशांपर्यंत खाली उतरतो. आपण स्वेटर घालतो, गोधडी पांघरतो आणि सकाळी उन्हात जाऊन उभे राहतो. एवढ्याने आपले भागते. श्रीनगरमध्ये मात्र १४ जानेवारी २०२१ रोजी तापमान उणे ८.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. त्या दिवसांत दल सरोवराचे पाणी वरून गोठून गेले होते. ज्या गावात तळ्याचे पाणी गोठते, तिथे माठातले आणि नळातले पाणी कसे राहणार?

काश्मिरी लोकांनी कडक हिवाळ्याचे तीन भाग केले आहेत. २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो तो 'चिल्ला-ए-कलाँ', म्हणजे मोठा चिल्ला. तो चाळीस दिवसांचा असतो. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्ला-ए-खुर्द', म्हणजे धाकटा चिल्ला येतो. शेवटी दहा दिवसांचा 'चिल्ला-ए-बच्चा' येतो. चिल्ला या शब्दात चाळीस ही संख्या लपलेली आहे, हे तुम्हांला सांगायला नकोच. गंमत अशी, की वीस आणि दहा दिवसांच्या थंडीलाही लोकांनी चिल्लाच म्हटले! थंडीने हैराण झालेल्या माणसाला गणित कुठले सुचणार?

हे बर्फ येते कुठून? आपल्याकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर येतो. काश्मीरमधला हिवाळी पाऊस आणि बर्फ पश्चिमेकडून येतात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेले वादळी वारे इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून भारताकडे सरकतात. वाटेत ते आणखी बाष्प गोळा करतात. हवामानशास्त्रात त्यांना 'पश्चिमी प्रक्षोभ' म्हणतात. हेच वारे पंजाबातल्या गव्हाला हिवाळ्यात पाऊस देतात. हिमालयाच्या उंच रांगांना अडून ते वर चढले, की त्यांतले बाष्प थंड होते आणि बर्फ होऊन खाली पडते. म्हणजे शेतकऱ्याला हवा असलेला पाऊस आणि डोंगरातली वाट बंद करणारे बर्फ, ही एकाच वाऱ्याची दोन रूपे आहेत.

काश्मीर खोऱ्याच्या चारी बाजूंना पर्वत आहेत. जम्मूहून श्रीनगरला जाणारा महामार्ग बनिहालजवळ डोंगर ओलांडतो. पूर्वी तो भर हिवाळ्यात कित्येक दिवस बंद असे. १९५६ मध्ये बनिहालचा बोगदा खुला झाला, २०२१ मध्ये त्याच्याखाली साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा झाला आणि जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही सुरू झाली. त्यामुळे खोऱ्यातली शहरे आता पूर्वीसारखी तुटून पडत नाहीत. तरीही दरडी आणि बर्फ यांमुळे महामार्ग मधूनमधून बंद होतोच. तो बंद झाला की बाजारात भाजी, मांस आणि गॅसची टंचाई होते. गुरेझसारख्या दूरच्या खोऱ्यांची स्थिती याहून बिकट असते. राजदान खिंडीत बर्फ साचले, की गुरेझचा रस्ता काही महिने बंद पडतो. अशा ठिकाणी महिन्याचे सामान महिन्याला आणतो म्हणून चालत नाही.

आता बेगमीकडे वळू. पहिली गोष्ट अन्नाची.

काश्मिरी गृहिणी हिवाळ्याची तयारी भर उन्हाळ्यातच सुरू करते. बागेत भाज्या भरपूर असतात तेव्हाच त्यांतल्या काही चिरून उन्हात वाळवतात. या वाळवलेल्या भाज्यांना काश्मिरीत 'होख स्यून' म्हणतात. दुधी भोपळा, वांगी, टोमॅटो यांच्या फोडी वाळतात. सलगमाच्या चकत्या दोऱ्यात ओवून माळा करतात आणि त्या खिडकीशी किंवा भिंतीवर टांगतात. लाल मिरच्यांच्याही अशाच माळा असतात. काश्मिरी भाषेत वांग्याला 'वांगुन' म्हणतात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. इतक्या दूरच्या भाषेतला शब्द मराठीच्या किती जवळ आहे! आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे आणि पापड वाळत घालतात, त्याला आपण वाळवण म्हणतो. होख स्यून हे काश्मीरचे वाळवणच आहे.

वाळवल्याने भाजी का टिकते? भाजी कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना वाढायला ओलावा लागतो. उन्हाने तो काढून घेतला, की त्यांची वाढ थांबते. म्हणून वाळवलेली भाजी दमट जागी ठेवली तर सारी मेहनत वाया जाते. डबा कोरडा हवा, झाकण घट्ट हवे.

काही भाज्या वाळवाव्या लागत नाहीत. सलगम, गाजर, मुळा अशी कंदमुळे घराजवळच्या बागेत खड्डा खणून पुरतात आणि वर माती लोटतात. जमिनीच्या वर सारे गोठले तरी थोडे खाली माती तितकी थंड होत नाही. हवे तेव्हा खड्डा उकरायचा आणि ताजी भाजी काढायची. विजेवाचून चालणारा हा साधा शीतकपाट आहे आणि वीज गेली तरी तो बंद पडत नाही. मात्र खड्ड्याच्या जागी उंच काठी रोवून खूण करावी लागते. दोन फूट बर्फाखाली सारे अंगण सारखेच दिसते!

भात, डाळी, तेल, मीठ, चहा आणि लहान मुलांसाठी दुधाची पावडर हे जिन्नस लोक आधीच भरून ठेवतात. यात एक गोष्ट पुष्कळदा विसरली जाते, ती म्हणजे औषधे. घरात कुणाला मधुमेह असेल, दमा असेल, रक्तदाबाची गोळी रोज लागत असेल, तर तांदळापेक्षा ती आधी मोजायला हवी. तांदूळ शेजाऱ्याकडून उसना मिळतो. आजोबांची गोळी उसनी मिळेलच असे नाही. तसेच दुर्गम गावात प्रसूतीची वेळ जवळ आलेली स्त्री असेल, तर वाट बंद होण्याआधीच तिला दवाखाना असलेल्या गावी नातेवाइकांकडे नेऊन ठेवणे शहाणपणाचे असते. बेगमी म्हणजे केवळ पोती भरणे नव्हे. घरातले प्रत्येक माणूस डोळ्यांपुढे आणून, याला काय लागेल, असा विचार करावा लागतो.

ही तयारी वेळेवर का करायची, याचे एक उदाहरण पाहा. थंडी डिसेंबरात येणार असे सगळे धरून चालतात. पण नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यातच काश्मीरमध्ये जोरदार बर्फ पडले. सफरचंदाच्या झाडांची पाने अजून गळली नव्हती. पानांवर बर्फ साचले, त्याचे ओझे फांद्यांना पेलले नाही आणि हजारो झाडे मोडून पडली. विजेच्या तारा तुटून बराचसा भाग अंधारात गेला. चिल्ला-ए-कलाँ यायला अजून दीड महिना होता! वादळ पंचांग पाहून येत नाही.

आता घराकडे पाहू. काश्मीरमधल्या घरांची छपरे उतरती असतात आणि त्यांवर पत्रे असतात. त्यामुळे बर्फ घसरून खाली पडते. तरीही कधी ते साचून राहते. बर्फ कापसासारखे हलके दिसते, म्हणून ते हलके आहे असे समजू नका. एक हिशोब करून पाहा. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद छप्पर घ्या. त्यावर तीस सेंटिमीटर जाडीचे ओले, दबलेले बर्फ आहे. असे एक घनमीटर बर्फ सुमारे तीनशे किलो भरते. छपरावर तीस घनमीटर बर्फ आहे, म्हणजे वजन झाले नऊ हजार किलो. एक भरलेला ट्रकच जणू कुणी छपरावर आणून उभा केला! म्हणून छपराचे वासे, खिळे आणि पत्रे शरद ऋतूतच तपासून घेतात. बर्फ घसरून खाली येते तेव्हा ते मोठ्या आवाजाने, एकदम येते. मुलांनी वळचणीखाली खेळू नये, असे तिथले वडीलधारे वारंवार बजावतात ते यामुळेच. आपल्याकडे पावसात वळचणीवरून पागोळ्या गळतात. तिथे पागोळ्या गोठून बर्फाचे लांब सुळे होतात. काश्मिरीत त्यांना 'शिशिरगांठ' म्हणतात. नाव सुंदर आहे, पण डोक्यावर पडला तर तो सुळा भाल्यासारखा लागतो.

बर्फ काढायचे फावडे कुठे ठेवायचे? घराच्या आत. बाहेर ठेवले, तर सकाळी ते बर्फाखाली गेलेले असते आणि ते काढायला दुसरे फावडे लागते!

पाण्याचे आणखी एक कोडे आहे. बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणी मात्र गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. नळाच्या बंद नळीत ते फुगले, की लोखंडी नळीसुद्धा फुटते. म्हणून नळ्यांना गोणपाट, चिंध्या किंवा गवत गुंडाळतात. फार थंडीच्या रात्री नळ अगदी बारीक धारेने वाहता ठेवतात, किंवा नळीतले पाणी संध्याकाळीच काढून टाकतात. नळी गोठलीच तर तिच्यावर जाळ धरू नये. गरम पाण्यात बुडवलेले फडके गुंडाळून ती हळूहळू मोकळी करावी. आणि पिण्याचे पाणी भांड्यांत भरून घरात ठेवावे. माणशी दिवसाला सुमारे चार लिटर पाणी धरावे, म्हणजे पिणे आणि थोडा स्वयंपाक होतो. "सगळीकडे बर्फच आहे, वितळवले की झाले पाणी," असे कुणी म्हणेल. करून पाहिले तर कळते, की भुसभुशीत ताज्या बर्फाची दहा पातेली वितळवावी तेव्हा जेमतेम एक पातेले पाणी मिळते, आणि त्यासाठी सरपण जाते ते वेगळेच. ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. ती आहे ऊब.

काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत मोठमोठ्या माणसांच्या पोटाशी काहीतरी फुगलेले दिसते. पायघोळ, सैल झग्यासारख्या 'फेरन'च्या आत त्यांनी 'कांगडी' धरलेली असते. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेले मातीचे भांडे. त्यात निखारे असतात आणि त्यांवर राखेचा थर असतो. राख असल्यामुळे निखारे हळूहळू जळतात आणि कित्येक तास ऊब देतात. कांगडीतला कोळसाही बेगमीतलाच असतो. शरद ऋतूत चिनारची गळलेली पाने आणि फळझाडांच्या छाटलेल्या फांद्या जाळून तो तयार करतात. कांगडी स्वस्त आहे, हातात घेऊन फिरता येते आणि तिला वीज लागत नाही. चरार-ए-शरीफ आणि बांदीपोरा इथल्या कांगड्या नावाजलेल्या आहेत. तिचा एक तोटा डॉक्टरांनी फार पूर्वीच ओळखला होता. वर्षानुवर्षे पोटाला आणि मांड्यांना तिचा चटका बसून काही लोकांना त्या जागी कातडीचा कर्करोग होतो. विल्यम एल्म्स्ली नावाच्या डॉक्टरांनी १८६६ मध्येच त्याबद्दल लिहिले होते.

दुसरे साधन आहे हमाम. हमाम म्हटल्यावर तुम्हांला स्नानगृह आठवेल. काश्मीरमध्ये मात्र दगडी फरशीच्या एका खोलीलाही हमाम म्हणतात. फरशीखालच्या पोकळ जागेत लाकडे जाळतात. फरशी तापते आणि सारी खोली उबदार होते. तांब्याच्या हंड्यातले पाणीही तापते. पुष्कळ मशिदींना असा हमाम जोडलेला असतो. नमाजाच्या आधी आणि नंतर मोहल्ल्यातील लोक तिथे बसतात, गप्पा मारतात. ज्याच्या घरी लाकूड संपले आहे त्या म्हाताऱ्या माणसालाही तिथे ऊब मिळते. हिवाळ्याची बेगमी एकट्या घराची नसते, ती अशी मोहल्ल्याचीही असते.

आता नीट लक्ष देऊन वाचा. हिमवादळात माणसे थंडीने मरतात, हिमकड्याखाली सापडून मरतात, हे खरे आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये दक्षिण काश्मीरमधल्या वालटेंगू नाड या गावावर हिमकडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. परंतु घरात, दारे-खिडक्या बंद करून, शेगडीशेजारी उबेत झोपलेली माणसेही मरतात. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरमधील एका घरात एकाच कुटुंबातील पाच जण गुदमरून मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुले होती. खोलीत ऊब देणाऱ्या साधनामुळे हे घडले असावे, असे पोलिसांनी सांगितले होते. हे कसे होते, ते समजून घेऊ.

कोळसा, लाकूड, गॅस किंवा रॉकेल जळताना हवेतला प्राणवायू लागतो. प्राणवायू भरपूर असेल तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो. प्राणवायू कमी पडला, की जळणे अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. धुमसणाऱ्या कोळशातून तर तो बराच निघतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबेल असा धूरही नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा हिमोग्लोबिन हा पदार्थ असतो. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग रक्त वाहत राहते, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही.

"निखारे लाल झाले, धूर थांबला, आता शेगडी आत आणायला हरकत नाही," असे पुष्कळ लोक म्हणतात. हा समज घातक आहे. धूर थांबला म्हणजे वायू थांबला असे नाही. उलट धूर असता तर माणूस खोकून उठला तरी असता. हा वायू हवेत सगळीकडे मिसळतो, म्हणून शेगडी उंचावर ठेवली किंवा आपण जमिनीवर झोपलो, तरी त्याने काही फरक पडत नाही.

याची लक्षणे अगदी साधी वाटतात. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातपाय गळून जातात, झोप येते. माणसाला वाटते, थंडी बाधली असेल. आणि तो आणखी घट्ट पांघरूण घेऊन झोपतो. पण एक खूण लक्षात ठेवा. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर संशय या वायूचाच घ्यायचा. अशा वेळी शेगडी विझवत किंवा सामान गोळा करत बसू नये. सर्वांनी आधी बाहेर पडावे, जाता जाता दार-खिडकी उघडी टाकावी आणि दवाखाना गाठावा. भारतात ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागता येते.

म्हणून खोलीत जळणारे काहीही असेल तर एक खिडकी चार बोटे तरी उघडी हवी. खोलीतली थोडी ऊब त्यातून जाते, हे मान्य आहे; ती जाऊ द्यावी. धुराड्याची नळी हिवाळ्याआधी साफ करावी, कारण तिच्यात काजळी किंवा पाखरांची घरटी साठलेली असतात. आणि झोपण्यापूर्वी शेगडी, कांगडी, गॅसचा हीटर यांतले काहीही खोलीत जळत ठेवू नये. कांगडी पांघरुणात घेऊन झोपलात तर आगीचेही भय आहे. झोपताना ऊब हवी असेल, तर रबरी पिशवीत गरम पाणी घालून ती पायांशी ठेवावी, अंगावर दोन-तीन थर घालावेत आणि घरातल्या सर्वांनी एकाच खोलीत झोपावे. अनेक माणसांच्या अंगाची ऊबही खोली तापवते.

अशी संकटे केवळ काश्मीरमध्येच येतात असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या गावी पर्यटकांच्या हजारो मोटारी बर्फात अडकल्या. लोक काचा बंद करून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून गाडीतच बसले. गाडीच्या मागची धुराची नळी बर्फाने बुजली, की तो वायू आतच शिरतो. त्या रात्री वीसहून अधिक माणसे दगावली. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात उन्हाळा कडक असतो. तिथली घरे उष्णता बाहेर घालवण्याच्या बेताने बांधलेली असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे अचानक हिमवादळ आले. पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरांची वीज गेली, नळ फुटले. काही लोकांनी अंगणात मांस भाजायच्या कोळशाच्या शेगड्या घरात आणल्या. काहींनी गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली. सरकारी नोंदीप्रमाणे त्या वादळात २४६ माणसे मरण पावली आणि त्यांतली काही या वायूने गेली. टेक्साससारख्या श्रीमंत राज्याची ही गत झाली. गुरेझमधल्या एखाद्या आजीला जे ठाऊक असते, ते तिथल्या पुष्कळांना ठाऊक नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडेही हा धोका आहे. न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो, झरोका कागद लावून बंद केलेला असतो आणि आंघोळीला गेलेले माणूस बेशुद्ध पडते. अशा बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. आज घरी गेल्यावर तुमच्या न्हाणीघराचा झरोका उघडा आहे का, ते पाहा.

थंडी अंगात शिरली आहे हे कसे ओळखावे? माणूस कुडकुडतो तोपर्यंत शरीर स्वतःला ऊब देत असते. कुडकुडणे थांबले, बोलणे अडखळू लागले, तो गुंगल्यासारखा झाला, तर प्रकृती गंभीर आहे. त्याचे ओले कपडे काढावेत, कोरड्या दुलईत गुंडाळावे आणि शुद्धीवर असेल तर गरम, गोड चहा घोटाघोटाने द्यावा. बोटे किंवा कान बधिर होऊन पांढरे पडले, तर ते चोळू नयेत. बर्फाने चोळण्याची जुनी रीत तर मुळीच पाळू नये; त्याने कातडीला आणखी इजा होते. कोमट पाण्यात ते भाग बुडवून ठेवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे.

उजेडासाठी मेणबत्तीपेक्षा विजेरी बरी, कारण लाकडी घर आणि गवताचे सामान यांना ठिणगी पुरते. विजेरीचे सेल आणि मोबाइल दोन्ही वादळाआधी भरलेले असावेत. रेडिओ आजही उपयोगी पडतो. मोबाइलचे मनोरे वीज गेल्यावर काही तासांत गप्प होतात, रेडिओवर मात्र हवामानाचा अंदाज आणि कोणता रस्ता बंद आहे, ते ऐकता येते.

बाहेर बर्फ पडत असताना आत काय चालते? सलगमाच्या चकत्यांची भाजी शिजत असते. पहाटे काही घरांत हरीसा येतो. मांस आणि तांदूळ रात्रभर शिजवून, घोटून केलेला हा पदार्थ आपल्या हलीमचा भाऊच म्हणायला हवा. शेजारच्या म्हातारीच्या धुराड्यातून सकाळी धूर निघाला की नाही, याकडे लोक लक्ष ठेवतात. नाही निघाला तर कुणीतरी फावडे घेऊन तिच्या दारापर्यंत वाट करते.

फेब्रुवारी संपता संपता चिल्ला-ए-बच्चाचे दहा दिवस येतात. तेव्हाही बर्फ पडते, पण फार टिकत नाही. वळचणीवरचे सुळे टपटप गळू लागतात, अंगणात माती दिसू लागते. मग घरातल्या बायका बागेत जाऊन उरलेल्या खड्ड्याची काठी शोधतात, माती उकरतात आणि शेवटची गाजरे काढून आणतात. भिंतीवरच्या वांग्यांच्या आणि सलगमाच्या माळा तोपर्यंत बऱ्याच आखूड झालेल्या असतात.